माझी चिनी नात आणि तुमची देशभक्ती



आजचा लेख जरा कडू आहे. नेहमीसारखा बागेतल्या अबोलीवर किंवा जुन्या नाशिकच्या वाड्यांवर नाही. आमच्याच घरातल्या माणसांशी माझं भांडण आहे, आणि ती माणसं हे वाचतात हे मला ठाऊक आहे. म्हणून तर इथे लिहितेय. समोरासमोर बोलायला गेलं की कुणीतरी चहा आणतं, विषय बदलतो आणि माझं वाक्य अर्धंच राहतं. इथे ते पूर्ण होईल.

परवा आमच्याकडे सत्यनारायण होता. जेवणं झाली, पानं उचलली, आणि भाऊजींनी (माझे धाकटे दीर) सगळ्यांना बातमी दिली, की येत्या उन्हाळ्यात ते कैलास-मानसरोवराला जाणार. २०२० पासून बंद पडलेली यात्रा २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला होता. आता पैसे भरले, कागदपत्रं दिली, चीनचा व्हिसा मिळाला की झालं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मीही केलं, अगदी मनापासून. आणि मग सहज विचारलं, "भाऊजी, तुम्हाला चीनचा व्हिसा चालतोय, तर मी आता ठमीच्या आईला पत्र लिहिलं तर चालेल ना?"

क्षणभर कुणी बोललंच नाही. मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, ते वेगळं आणि हे वेगळं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ते वेगळं म्हणजे कसं वेगळं? बत्तीस वर्षं वर्गात 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न मी पाचपाच गुणांना घातला आहे. तर आज मीच उत्तर लिहिते. गुण तुम्ही द्या.

ज्यांना ठमी माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ठमी हे अर्थातच तिचं खरं नाव नाही. खरं नाव इथे देणार नाही, उगाच त्या लेकराला त्रास नको. माझा भाचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवतो. यंत्रांचे काही सुटे भाग तो चीनमधल्या निंगबो शहरातून मागवायचा. तिथल्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या बाईंनी त्याला एकदा विचारलं, की तुमच्याकडे माझ्या मुलीशी इंग्रजी बोलणारं कुणी आहे का? भाचा म्हणाला, "मावशी, तू रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, घरी बसून काय करतेस? बोल की." हे २०१७ सालचं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची.

मी आधी नाहीच म्हटलं. माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं. बीएसुद्धा मराठीतून. ए बी सी डी मी पाचवीत गिरवली, तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर घासून घासून इंग्रजी केलं, आणि तेच पुढे मराठी शाळेतल्या पोरांना शिकवलं. माझे उच्चार काही लंडनचे नाहीत. आणि चीनमध्ये तेव्हा इंटरनेटवरून शिकवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या होत्या, त्यांना अमेरिका-इंग्लंड-कॅनडाचेच शिक्षक हवे असत. ते पालकांना परवडत नव्हते, की ओळखीतलं माणूस बरं वाटलं, ते मी कधी विचारलं नाही. दर शनिवारी आपल्याकडे साडेचार वाजले (म्हणजे त्यांच्याकडे सात) की फोनवर वीचॅट वाजायचं.

पहिल्याच दिवशी ती पोरगी मला बघून "नायनाय, नायनाय" म्हणायला लागली. मला वाटलं, कार्टीला शिकायचं नाही, "नाही नाही" म्हणतेय! मग तिच्या आईने उलगडा केला. नायनाय म्हणजे आजी, वडिलांची आई. तिकडे वयस्कर बाईला मुलं आदराने तसंच म्हणतात. शिक्षकाला लाओशी म्हणतात. पण मी नायनायच राहिले.

शिकवताना गंमत यायची. चिनी भाषेत बोलताना 'तो' आणि 'ती' यांचा उच्चार एकच. त्यामुळे ठमी आपल्या आजीला बिनदिक्कत 'ही' म्हणायची आणि आजोबांना 'शी'. क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय नाही, अनेकवचनाला 'एस' नाही. 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' तर त्यांच्याकडेही नाहीत आणि आपल्याकडेही नाहीत. ते कुठे लावायचं याचं जे कोडं मला दहाव्या वर्षी पडलं होतं तेच तिला पडलं होतं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला हे कोडं कधी पडलेलंच नसतं, मग तो सोडवून काय दाखवणार? तेव्हा प्रथम वाटलं, की आपण मराठी माध्यमवाले यात कुठे कमी पडत नाही.

आणि एकदा 'अंकल-आँट'चा धडा आला. ठमी रडकुंडीला. तिच्या भाषेत वडिलांचा मोठा भाऊ वेगळा, धाकटा भाऊ वेगळा, आईचा भाऊ वेगळा. आत्या वेगळी, मावशी वेगळी. वडिलांची आई वेगळी आणि आईची आई वेगळी. इतक्या जणांना एकाच पिशवीत कोंबायचं? मी म्हटलं, बाळ, आमच्याकडेही काका-मामा-आत्या-मावशी सगळे वेगवेगळे आहेत, ही इंग्रजीचीच गरिबी आहे. त्यावर तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग तास बाजूला राहिला आणि आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकींची नाती मोजत बसलो. दोन्ही घरच्या वह्या भरल्या. मैत्री झाली ती त्या दिवशी, असं मी मानते.

त्यानंतर काय काय झालं! त्यांनी मला त्यांचे तांग्युआन दाखवले. तांदळाच्या पिठाचे गोळे, आत काळ्या तिळाचं गोड सारण. निंगबोची खासियत आहे ती. मी गणपतीत त्यांना उकडीचे मोदक दाखवले. (त्यांच्या सारणात डुकराची चरबी घालतात हे मला मागाहून कळलं. पण मी नुसतं चित्रच पाहिलं होतं, त्यामुळे धर्म शाबूत आहे.) ठमीचे आजोबा गेले, तेव्हा वसंतात थडग्यावर जाऊन ते झाडलोट करतात, खाण्याचं ठेवतात, हे तिने इंग्रजीत दहा ओळी लिहून दाखवलं. मी तिला पितृपक्षातलं पान आणि कावळा समजावला. फी मी घेतली नाही. मग भाच्याच्या मालाबरोबर चहाचे डबे यायला लागले. इकडून मनुका आणि नाशिकचा चिवडा जायचा. चिवड्याचं तिखट त्यांना सोसत नसे, पण डबा रिकामा होत असे.

आता मुद्द्यावर येते.

२०२० च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे करोनाने सगळं बंद झालं. मी रोज विचारपूस करायची. मार्चच्या शेवटी आपल्याकडे बंद झालं, तर त्या रोज विचारायच्या. मे महिन्यात भाच्याच्या सामानाबरोबर एक खोकं आलं. दोनशे मास्क. वर ठमीच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं होतं, की हे नायनायच्या सगळ्या घरासाठी आहेत. मास्क तेव्हा मिळत नव्हते, आठवतंय ना? मी एकेका घरी वीसवीस मोजून पाठवले. भाऊजींकडे गेले, वन्संकडे गेले, पुण्याला भाचीकडे गेले. सगळ्यांनी लावले. कुणी 'मेड इन चायना' म्हणून परत केला नाही.

१५ जूनला गलवान झालं. आपले वीस सैनिक गेले. त्यानंतर काही दिवसांतच आपल्याच जिल्ह्यातल्या, मालेगाव तालुक्यातल्या एका जवानाला तिथे वीरमरण आलं. त्याची अंत्ययात्रा टीव्हीवर बघताना मी रडले. हे सांगावं लागतंय याचीच मला लाज वाटते, कारण नंतर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला विचारण्यात आलं, की सैनिक मरत असताना तुम्ही चिन्यांशी गप्पा कशा मारू शकता? विचारणाऱ्याच्या तोंडावर त्या क्षणी ठमीचा मास्क असण्याची बरीच शक्यता होती.

२९ जूनला सरकारने एकोणसाठ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. मी त्याच संध्याकाळी ते फोनमधून काढून टाकलं. सरकारचा कायदा आहे, तो पाळायचा. माहिती चोरली जाते हे सरकारने सांगितलं, ते खोटं ठरवणारी मी कोण? त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आधीपासून बंद. पुढच्या वर्षी, २०२१ च्या जुलैमध्ये, त्यांच्या सरकारने शिकवण्यांवर मोठे निर्बंध आणले, आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांना नेमून मुलांना शिकवायला संस्थांना मनाई केली. म्हणजे दोन्हीकडची दारं लागली. पण एक खिडकी उघडी होती. ठमीच्या आईचा ईमेल पत्ता माझ्याकडे होता आणि माझा त्यांच्याकडे. ईमेलवर कुणाचीच बंदी नव्हती.

२०२० च्या ऑक्टोबरात त्यांचं पत्र आलं. चारच ओळी. नायनाय बरी आहे का, तुमच्याकडे आजार फार वाढलाय असं ऐकतो, ठमी शनिवारी सात वाजता फोन जवळ घेऊन बसते.

मी उत्तर दिलं नाही.

का दिलं नाही? कायदा आडवा आला नाही. तुम्ही आडवे आलात. आणि मी घाबरले. भाऊजींनी सांगितलं होतं, की उगाच कुणी चौकशी केली तर? वन्संनी सांगितलं, सोसायटीत बोलतात. आयुष्यभर मुलांना 'सत्याला घाबरू नका' म्हणून फळ्यावर सुविचार लिहिणारी मी, चार ओळींच्या पत्राला घाबरले. माझ्या या चुकीची जबाबदारी माझीच आहे. पण सल्ला ज्यांचा होता त्यांनी आज तो 'वेगळं' म्हणून झटकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुमचे मुद्दे एकेक घेते.

पहिला मुद्दा: चीन हा शत्रू आहे, त्याच्याशी संबंध ठेवणं म्हणजे देशद्रोह. बरं. २०२०-२१ या वर्षात, म्हणजे बहिष्काराची आरोळी ठोकली त्या वर्षी, आपण चीनकडून सुमारे ६५ अब्ज डॉलरचा माल आणला. २०२४-२५ मध्ये तो आकडा ११३ अब्जांच्या वर गेला. भाच्याच्या कारखान्यात आजही निंगबोचे भाग येतात. तो तरी काय करणार, दुसरीकडे त्या भावात मिळत नाहीत. भाऊजींच्या घरातला टीव्ही कुठला आहे ते मी सांगत नाही. कॉलेज रोडवर संध्याकाळी चायनीजच्या गाड्यांपुढे केवढी गर्दी असते! म्हणजे माल चालतो, व्हिसा चालतो, नूडल्स चालतात. एक अकरा-बारा वर्षांची पोरगी तेवढी चालत नाही. बहिष्काराला आपल्याला एकच वस्तू सापडली, जिची किंमत आपल्याला पडत नव्हती.

दुसरा मुद्दा: सामान्य माणसं आणि सरकार वेगळं करता येत नाही, ते सगळे एकच. हा विचार कुठे नेतो ते आपण एकदा पाहिलंय. १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालकडच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. त्यांतले कितीतरी जण इथेच जन्मलेले होते, इथेच चामड्याचा, सुतारकीचा, हॉटेलाचा धंदा करणारे. म्हातारे होते, लेकरं होती. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. त्यांनी आपलं काय वाकडं केलं होतं? आडनाव चिनी होतं, एवढंच.

आणि याच देशात याच्या उलटही घडलंय. आपल्या तुमसरहून रेल्वे जाते ते तिरोडी, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं. वांग छी नावाचा चिनी सैन्यातला सर्वेक्षक १९६३ मध्ये वाट चुकून हद्द ओलांडून आला, पकडला गेला, काही वर्षं तुरुंगात राहिला आणि मग त्याला तिरोडीला आणून सोडलं. गावाने त्याचं काय केलं असेल? पिठाच्या गिरणीत काम दिलं, राजबहादूर असं नाव दिलं, आणि तिथल्याच सुशीलाबाईंशी त्याचं लग्न झालं. युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती, आणि तो तर शत्रूच्या सैन्यातलाच माणूस होता. पन्नासहून अधिक वर्षांनी, २०१७ च्या फेब्रुवारीत, तो आपल्या मूळ गावी जाऊन भावांना भेटला. त्याची आई तोवर गेली होती. त्याला सोडायला आपल्या आणि त्यांच्या कचेऱ्यांनी एवढी वर्षं लावली. त्याला घरात घ्यायला गावाने एवढी वर्षं लावली नाहीत.

तिसरा मुद्दा: तू त्यांना इंग्रजी शिकवून शत्रूला बळ देतेस. या मुद्द्याला उत्तर देताना मला हसू येतं. चीनमध्ये २००१ पासून तिसरीपासूनच इंग्रजी आहे. आपल्या राज्यात २००० पासून पहिलीपासून आहे. त्यांची महासत्ता नाशिकच्या एका म्हाताऱ्या बाईच्या 'अ-अ‍ॅन-द'वर अडून बसलेली नव्हती. आणि समजा ते शत्रूच आहेत, तरी मग त्यांना ओळखणारं कुणी आपल्याकडे नको का? वसंतराव परांजपे म्हणून एक मराठी माणूस १९४७ मध्ये पेकिंगला शिकायला गेला, तिथली भाषा आत्मसात केली आणि पुढे नेहरू आणि चिनी नेते बोलायचे तेव्हा मध्ये दुभाषी म्हणून उभा राहिला. असं माणूस पुस्तकावर तयार होत नाही, तिथल्या घरांत जेवल्यावर तयार होतं.

आणि आता चौथं. हा तुमचा मुद्दा नाही, माझा आहे. डॉक्टर कोटणीस.

शांतारामबापूंचा सिनेमा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. १९४६ चा. भाऊजींना तर त्यातली दृश्यं तोंडपाठ आहेत. सोलापूरचा तरुण डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. (दुसरे एक डॉ. चोळकर नागपूरचे. त्यांचं नाव कुणी घेत नाही.) जपानने चीनवर हल्ला केला होता. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना तिकडेच मिळाली, तरी ते परतले नाहीत. चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत तिथल्या पोरांना वैद्यक शिकवायला लागले. १९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

ही गोष्ट आपण इथपर्यंतच सांगतो, कारण सिनेमा संपतो. पण घरं संपत नाहीत. क्वोबाई पुढे सत्तर वर्षं जगल्या, २०१२ मध्ये वारल्या. त्या मुलाला घडवलं, तो वैद्यक शिकत होता आणि १९६७ मध्ये तरुणपणीच गेला. नवरा गेला, मुलगा गेला, मधल्या काळात दोन देशांत युद्धही होऊन गेलं. तरी ही बाई पुन्हा पुन्हा भारतात येत राहिली आणि दीर-नणंदांना भेटत राहिली. कोटणीसांच्या घराने तिला 'चिनी' म्हणून दारात उभं केलं नाही. ती त्यांची वहिनी होती. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला आवर्जून भेटत, हे आपण पेपरात वाचत आलो. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे.

तर भाऊजी, मला सांगा. कोटणीसांचा आपल्याला अभिमान आहे, शाळेत मी त्यांच्यावर निबंध घालत असे, तुम्हीही लिहिला असेल. मग त्या अभिमानाचा अर्थ काय? मेलेल्या माणसाने चिनी घराशी नातं जोडलं की तो थोर, आणि जिवंत वहिनीने जोडलं की संशय? तुम्ही म्हणाल, कोटणीस कुठे आणि तू कुठे. कबूल आहे. त्यांनी प्राण दिले, मी शनिवारचे दोन तास दिले. पण मग माझ्यावरचा संशयही त्याच मापाने लहान ठेवा की!

अजून एक सांगते आणि थांबते. सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रात येऊन गेला, पुलकेशीच्या काळात. काही अभ्यासकांच्या मते त्याने वर्णन केलेली राजधानी म्हणजे आपलं नाशिकच. त्याने इथल्या लोकांबद्दल काय नोंदवलं हे इतिहासाच्या पुस्तकात आपण शिकलो. मानी लोक, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय न राहणारे. दुसरा भाग आपल्याला फार आवडतो, भाषणांत तोच असतो. पहिला भाग पहिला आहे, हे मात्र लक्षात राहत नाही. दोनशे मास्कांचा उपकार आपल्या घरावर आहे. त्याचं साधं 'पोचले, आभारी आहोत' एवढं मी लिहिलं होतं, तुमच्यापैकी कुणी लिहिलं नव्हतं. आणि मग मीही गप्प झाले.

हा ह्युएनत्संग नालंदेत शीलभद्र गुरूंकडे शिकला आणि ६४५ मध्ये मायदेशी पोचला. त्यानंतर सात वर्षांनी भारतातल्या जुन्या सोबत्यांनी एका भिक्षूबरोबर त्याला पत्र पाठवलं, सोबत पांढऱ्या कापडाची जोडी. तुम्हाला विसरलो नाही, एवढ्यासाठी. त्याने उत्तर दिलं. गुरू गेल्याचं कळलं म्हणून शोक कळवला, आणि सिंधू ओलांडताना वाहून गेलेल्या ग्रंथांची यादी पाठवून म्हटलं, जमलं तर पुन्हा पाठवा. तेव्हा पत्र पोचायला वाळवंटं आणि उंच पर्वत ओलांडावे लागत. मला एक बटण दाबायचं होतं.

२०२४ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांचे नेते रशियात भेटले. २०२५ च्या ऑगस्टअखेर आपले पंतप्रधान चीनला जाऊन आले. जुलैपासून चिनी पर्यटकांना आपण पुन्हा व्हिसा द्यायला लागलो, ऑक्टोबरात थेट विमानं सुरू झाली. सीमेवरचा प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही, तो सुटलेला नाही, आणि त्याची काळजी ज्यांनी वाहायची ते वाहताहेत. पण सरकारं भांडतात तेव्हाही मागच्या दाराने बोलणी चालू ठेवतात. आपण सामान्य माणसं मात्र पुढचं दार लावतो, मागचं लावतो आणि वर कडी घालतो. मग सरकारांचं जमलं की यात्रेची तिकिटं काढतो, आणि ज्या लेकराला वाऱ्यावर सोडलं त्याची आठवण कुणी काढली की म्हणतो, ते वेगळं.

हो, वेगळं आहेच. देवदर्शन तुम्ही स्वतःसाठी करणार आहात. हे मला दुसऱ्यासाठी करायचंय.

काल सकाळी पूजा झाल्यावर मी ईमेल लिहिला. इंग्रजीत, सोप्या वाक्यांत, त्यांना शब्दकोश काढावा लागू नये म्हणून. लिहिलं, की मी बरी आहे, पंचाहत्तरी झाली. तुमचं २०२० चं पत्र मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, ती माझी चूक. भीती वाटली होती. ठमी आता वीस वर्षांची झाली असेल, कॉलेजात असेल. ती आजीला अजून 'ही' म्हणते का?

पत्ता चालू आहे की नाही ठाऊक नाही. त्यांना माझ्याशी बोलायचं आहे की नाही, तेही ठाऊक नाही. पाच वर्षं शनिवारी कुणी वाट बघत नाही. उत्तर आलं नाही तर ते माझ्या वागण्याला साजेसंच होईल आणि मी कुणाला दोष देणार नाही. पण आलं, आणि कधी ती मायलेकरं इकडे आलीच, तर ती आमच्याच घरी उतरतील. मी उकडीचे मोदक करीन. भाऊजी, वन्सं, तुम्हीही या. आल्यावर तोंड वाकडं करायचं नाही, आणि तो मास्कचा विषय त्यांच्यापुढे काढून आभार मानायचे. इंग्रजीत जमलं नाही तर मराठीत माना, मी भाषांतर करीन.

असो. बराच वेळ घेतला. ज्यांना पटलं नाही त्यांनी ग्रुपवर लिहू नये, सरळ घरी यावं किंवा फोन करावा. दुपारी दोन ते चार मी झोपते. आणि शनिवारी साडेचारनंतर तासभर करू नका, फोन रिकामा ठेवणार आहे.